‘करमत नाही’ हे मोजायचं कसं?

नव्या शहरात शिकायला गेलेल्या मुलाला घरून फोन येतो तेव्हा पहिला प्रश्न जेवणाचा असतो आणि दुसरा हमखास ‘करमतंय का?’ हा. या क्रियापदाचा नीट विचार करून बघा. करमत नाही म्हणजे दुःख झालंय असं नाही, कंटाळा आलाय असंही नाही. खोली चांगली असते, मेसही बरी असते, तरी करमत नाही. मनाची अवस्था आणि माणूस जिथे आहे ती जागा, या दोन्ही गोष्टी मराठीने एकाच शब्दात बांधून टाकल्या आहेत. मानसशास्त्राला आणि भूगोलाला हीच गाठ सोडवायला बरीच वर्षं लागली, आणि ती अजून पुरती सुटलेली नाही. आजचा लेख त्या गाठीबद्दल आहे. तुमच्यापैकी जे मानसशास्त्र, भूगोल, समाजकार्य, वास्तुकला किंवा पर्यावरण यांत पीएचडीचा विषय शोधत आहेत त्यांना तो उपयोगी पडेल. आणि पीएचडीसाठी घर सोडणार असाल तर विषय कुठलाही असो, वाचा.

सुरुवात एका प्रबंधापासूनच करू. १६८८ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझल विद्यापीठात योहानेस होफर नावाच्या एकोणीस वर्षांच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने घरापासून दूर गेलेल्यांच्या आजारावर प्रबंध लिहिला. ग्रीक भाषेतले ‘घरी परतणं’ आणि ‘वेदना’ हे दोन शब्द जोडून त्याने या आजाराला नाव दिलं, नॉस्टॅल्जिया. आज आपण जुन्या गाण्यांसाठी वापरतो तो हा शब्द मुळात रोगाचं नाव होता. त्याने दिलेल्या उदाहरणांत बर्नहून बाझलला शिकायला आलेला एक तरुण आहे. तो अंथरुणाला खिळला, आणि घरी न्यायचं ठरून प्रवास सुरू झाला तसा सुधारू लागला. बर्न ते बाझल हे अंतर साधारण पुणे-सातारा एवढं. होफरने दिलेली शारीरिक कारणं आज कुणी मानत नाही. पण निरीक्षण पक्कं होतं: जागा सुटली की माणूस आजारी पडू शकतो.

यानंतर मी थेट विसाव्या शतकात उडी मारते, कारण मधल्या काळात हा विषय बराचसा लष्करी डॉक्टरांच्या ताब्यात होता. १९७० च्या दशकात भूगोलात यी-फू त्वान या चिनी वंशाच्या अमेरिकन अभ्यासकाने एक साधा भेद मांडला. ‘टोपोफिलिया’ हे त्याचं पुस्तक १९७४ चं, ‘स्पेस अँड प्लेस’ १९७७ चं. अवकाश वेगळा आणि ठिकाण वेगळं. नकाशावर अक्षांश-रेखांशांनी दाखवता येतो तो अवकाश. तिथे वावरून, थांबून, काहीतरी घडून त्याला अर्थ चिकटला की त्याचं ठिकाण होतं. गावाबाहेरचा पार अनोळखी माणसासाठी झाडाभोवतीचा दगडी ओटा असतो. ज्याचे आजोबा रोज संध्याकाळी तिथे बसायचे त्याच्यासाठी तो ओटा राहत नाही. या जडलेल्या नात्याला संशोधनात प्लेस अटॅचमेंट म्हणतात.

इथेच नवशिक्या संशोधकाने एक फरक मनाशी पक्का करायला हवा. ‘जागा चांगली आहे का?’ आणि ‘जागा माझी आहे का?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि सिनॉप्सिसमध्ये ते सर्रास एकत्र कालवलेले दिसतात.

पहिल्या प्रश्नाचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे रॉजर उलरिचचा १९८४ चा, ‘सायन्स’मध्ये आलेला छोटा निबंध. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्याने तपासल्या. वय, लिंग वगैरे जुळवून २३ जोड्या केल्या. प्रत्येक जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडं दिसत होती, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंतवाले ८.७० दिवसांत. शिवाय झाडंवाल्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. निबंध सुंदर आहे, जरूर वाचा. पण त्या झाडांशी त्या रुग्णांचं काही नातं नव्हतं. ती कुणाचीही झाडं होती. हिरवाईचा परिणाम आणि आपलेपणाचा परिणाम या दोन गोष्टी आहेत. उलरिचचा संदर्भ देऊन ‘म्हणून माणसाला आपली जागा हवी’ असं लिहिलंत, तर आरआरसीसमोर कुणीतरी बोट ठेवणारच.

दुसऱ्या प्रश्नावर चिकाटीने काम केलं ते फिनलंडमधल्या टाम्पेरे विद्यापीठाच्या कालेवी कोर्पेला यांनी. १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी किशोरवयीन मुलांना त्यांच्या आवडत्या जागेबद्दल लिहायला सांगितलं. मुलांनी त्या जागा किती देखण्या आहेत ते फारसं लिहिलं नाही. तिथे जाऊन आपण काय करतो ते लिहिलं. भांडण झालं की तिथे जातो. कुणी बघत नाही. डोकं शांत होतं, मग परत येतो. कोर्पेलांनी यातून मांडलेली कल्पना अशी: माणूस स्वतःच्या भावना नुसत्या मनातल्या मनात सांभाळत नाही, त्या कामासाठी तो जागा वापरतो. जसं राग आला की आपण आकडे मोजतो किंवा मित्राला फोन करतो, तसंच उठून एका ठराविक ठिकाणी जाणं हेही एक साधन आहे. पुढे १९९६ मध्ये टेरी हार्टिग यांच्यासोबत त्यांनी विद्यार्थ्यांना आवडती जागा, शहरातला मध्यवर्ती चौक आणि नावडती जागा यांची तुलना करायला लावली. मनाचा शीण घालवणाऱ्या जागेत जे गुण असावेत असं रेचल आणि स्टीफन कॅप्लन या दांपत्याने म्हटलं होतं, म्हणजे रोजच्या रगाड्यापासून सुटका, सहज लक्ष वेधून घेणारं काहीतरी आणि आपल्याला जे करायचं आहे त्याच्याशी जुळणारी रचना, ते आवडत्या जागेत ठळकपणे जास्त सापडले.

लक्षात घ्या, आवडती जागा म्हणजे नेहमी डोंगर किंवा समुद्र नव्हे. कुणाची ती माडी असते, कुणाची एसटी स्टँडामागची चहाची टपरी, कुणाची लायब्ररीतली कोपऱ्यातली खुर्ची. जागा डोळ्यांसमोर आणली तरी काही प्रमाणात काम होतं. कॅनडातल्या लीला स्कॅनेल आणि रॉबर्ट गिफर्ड यांनी २०१७ मध्ये प्रयोगात सहभागींना जिव्हाळ्याच्या जागेची मनात कल्पना करायला सांगितलं. ज्यांनी साध्या, नातं नसलेल्या जागेची कल्पना केली त्यांच्यापेक्षा या लोकांमध्ये स्वतःबद्दलचा आदर, आयुष्याला अर्थ आहे ही भावना आणि आपण कुणाचे तरी आहोत ही भावना अधिक दिसली. याच दोघांनी २०१० मध्ये मांडलेली तीन पदरी चौकट तुम्हाला सिनॉप्सिससाठी हाताशी ठेवता येईल: नातं कुणाचं, कशाशी, आणि ते चालतं कसं. म्हणजे व्यक्ती, ठिकाण आणि मधली मानसिक प्रक्रिया.

पण एखाद्या गोष्टीचं महत्त्व ती असताना मोजणं अवघड असतं. हात मोडल्यावरच कळतं की तो कशाकशाला लागत होता. म्हणून या विषयातला सर्वांत जड पुरावा हरवलेल्या जागांकडून येतो.

बॉस्टन शहरात वेस्ट एंड नावाची कामगारांची दाट वस्ती होती. रहिवाशांत इटलीतून आलेल्यांची कुटुंबं बरीच. सरकारी कागदांवर ती झोपडपट्टी ठरली आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीस पाडली गेली. लोक शहरभर पांगले, पुष्कळांना आधीपेक्षा बरी घरंही मिळाली. मानसशास्त्रज्ञ मार्क फ्रीड यांच्या गटाने या लोकांच्या मुलाखती स्थलांतराआधी घेतल्या आणि दोन वर्षांनी पुन्हा घेतल्या. १९६३ मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच शोक हा शब्द आहे. शब्द मुद्दाम निवडलेला होता. या प्रकल्पामागे एरिक लिंडेमान हे मनोविकारतज्ज्ञ होते, आणि जवळचं माणूस गेल्यावर होणाऱ्या शोकाची लक्षणं त्यांनी १९४४ मध्येच मांडली होती. तीच लक्षणं घर गेलेल्यांत दिसत होती: सुन्नपणा, रडू येणं, पाय आपोआप जुन्या गल्लीकडे वळणं, पूर्वीचं सगळं सोन्याचं वाटणं. स्त्रियांपैकी ४६ टक्के आणि पुरुषांपैकी ३८ टक्के लोकांमध्ये हा शोक बराच तीव्र होता.

मला फ्रीडच्या निबंधातलं दुसरं एक निरीक्षण जास्त महत्त्वाचं वाटतं. घरापलीकडचा परिसर ज्यांना जितका जास्त ओळखीचा होता, तितका त्यांचा शोक मोठा होता. शेजाऱ्यांशी असलेल्या जवळिकीचाही परिणाम होताच. मराठीत आपण ‘इथे करमत नाही’ म्हणतो आणि ‘तुझ्याशिवाय करमत नाही’ असंही म्हणतो, क्रियापद एकच. मग गेलेलं काय होतं, जागा की माणसं? फ्रीडचं उत्तर असं की दोन्ही, आणि दोन्ही एकमेकांत विणलेली. सांख्यिकीत त्यांना वेगळं करता येतं, जगण्यात नाही. तुमच्या अभ्यासात मात्र दोन्हींसाठी वेगळे प्रश्न ठेवावेच लागतील, नाहीतर निष्कर्ष कशाबद्दल आहे तेच सांगता येणार नाही.

आता आपल्याकडे या. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट, चारच्या सुमारास लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. काही हजार माणसं गेली. मोठं कारण घरांची बांधणी: जाड दगड-मातीच्या भिंती आणि वर मातीचं जड धाबं. पुढच्या पुनर्वसनात ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी हलवण्यात आली. गावकऱ्यांना जबरदस्तीने उठवलं असं हे चित्र नाही, हे आधीच सांगते. त्या दगडांची दहशत इतकी होती की पुष्कळांनी स्वतःच नव्या जागेची मागणी केली. नवी घरं भूकंपाला टिकतील अशी होती. ‘जागा चांगली आहे का?’ या प्रश्नाचं उत्तर सुरक्षिततेच्या अंगाने स्वच्छ ‘हो’ होतं.

दुसरा प्रश्न मागे राहिला. जुनं गाव म्हणजे वळणावळणाच्या गल्ल्या, भिंतीला भिंत लावून राहणारी भावकी, वाड्यातलं अंगण, दारातली जनावरं. नवं गाव म्हणजे रुंद सरळ रस्ते, काटकोनात आखलेले प्लॉट, ओळीने सारखी घरं. घराचा आकार जमीनधारणेवरून ठरला: २५०, ४०० किंवा ७५० चौरस फूट. काही गावांत त्या-त्या आकाराची घरं एकत्र बांधली गेली, त्यामुळे एकाच भावकीतली, पण कमी-जास्त जमिनीची घरं वेगवेगळ्या बाजूंना गेली. शेत होतं तिथेच राहिलं, गाव सरकलं. पुढच्या काळात लोकांनी घराभोवती कुडं घातली, पत्रे टाकले, भिंती वाढवल्या. आर्किटेक्टला ही नियोजनाची मोडतोड वाटते. कोर्पेला वाचल्यावर मला त्यात लोकांनी अवकाशाचं ठिकाण करायला घेतलेलं दिसतं.

यात अजून एक पदर आहे. जुनी गावरचना जातीप्रमाणे होती. मग काटकोनातल्या नव्या गावात कुणाला उपरं वाटलं आणि कुणाला मोकळं वाटलं? माझ्या मते मराठवाड्यात काम करू इच्छिणाऱ्यांसाठी हा आजही प्रबंधाच्या लायकीचा प्रश्न आहे. तेव्हाची मुलं आता चाळिशीच्या आसपास आहेत आणि त्यांची मुलं नव्या गावातच जन्मलेली. एकाच घरात दोन पिढ्यांची दोन ‘गावं’ सापडतील.

जागा न सोडताही ती हरवू शकते. ऑस्ट्रेलियातल्या हंटर खोऱ्यात कोळशाच्या उघड्या खाणींनी भोवतालचा सगळा भूभाग बदलून टाकला. तिथल्या लोकांची घरं जागेवर होती, पण त्यांना घराची ओढ लागलेल्या परदेशस्थासारखं वाटत होतं. ग्लेन अल्ब्रेक्ट यांनी या दुःखासाठी ‘सोलास्टॅल्जिया’ हा शब्द घडवला. चंद्रपूर किंवा वणीकडचे वाचक यावर माझ्यापेक्षा जास्त सांगू शकतील.

एवढं वाचून ‘आपलं गाव, आपली माती’ असा सूर लागायला लागला असेल तर थोडं थांबा. लिन मॅन्झो यांनी २००५ च्या एका निबंधात दाखवलं की अर्थपूर्ण जागा आणि सुखाची जागा एकच नसते. मार खाल्लेलं घरसुद्धा आयुष्यभर अर्थपूर्ण राहतं. आपल्याकडे तर हा मुद्दा फार आधी मांडला गेलाय. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याचं गौरवीकरण साफ नाकारलं होतं. ज्या विहिरीच्या आठवणीने एकाचा गळा दाटून येतो, तिच्यावर दुसऱ्याच्या आजीला पाणी भरता येत नव्हतं. तुमच्या नमुन्यात फक्त पहिला माणूस आला, तर ‘गावाशी नातं घट्ट’ असाच निष्कर्ष निघणार. उलट बाजूने, महाडचं चवदार तळं १९२७ पासून किंवा नागपूरची दीक्षाभूमी १९५६ पासून लाखो लोकांची जिव्हाळ्याची ठिकाणं आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांचं बालपण तिथे गेलेलं नाही. तिथला अर्थ सवयीतून आला नाही, लढ्यातून आला. बाहेरच्या प्रश्नावल्यांत या प्रकारच्या नात्याला रकानाच नसतो.

माहेरचंही तसंच. नातं घट्ट, हक्क कमी, आणि भावजय आल्यावर अर्थ बदलणारं. ‘तुमचं घर कोणतं?’ हा प्रश्न विवाहित बाईला विचारा आणि उत्तराआधीची शांतता किती सेकंदांची आहे तेवढं बघा.

हे सगळं मोजायचं कसं, हा शीर्षकातला प्रश्न राहिला. विल्यम्स आणि वास्के यांची २००३ ची मापनश्रेणी सर्वाधिक वापरली जाते. तिचे दोन भाग: जागा माझ्या ओळखीचा भाग आहे का, आणि मला जे करायचं आहे त्यासाठी याच जागेवाचून माझं अडतं का. ही श्रेणी मुळात सहलीच्या आणि निसर्गात फिरायला जाण्याच्या ठिकाणांच्या अभ्यासातून वाढलेली आहे. ‘मला जे करायला आवडतं त्यासाठी दुसरी जागा चालणार नाही’ हे विधान अमेरिकेतल्या ट्रेकरला विचारणं वेगळं आणि दोन एकर कोरडवाहू असलेल्या शेतकऱ्याला विचारणं वेगळं. तो पूर्ण सहमती दर्शवेल, पण तुम्ही मोजलेली असेल त्याची उपजीविका.

भाषांतराचाही असाच घोळ. अटॅचमेंटला मराठीत काय म्हणाल? ‘आसक्ती’ म्हटलं तर कीर्तनकार आठवतात आणि माणूस लगेच नाकारतो. ‘लळा’ लहान मुलाचा किंवा वासराचा लागतो. ‘ओढ’ दूर असल्यावर लागते, रोज तिथेच राहणाऱ्याला नाही. ‘सवय’मध्ये माया नाही. म्हणून श्रेणीचं नुसतं भाषांतर आणि उलट-भाषांतर करून थांबू नका. आधी पंधरा-वीस जणांशी मोकळं बोला, ते स्वतः कोणती क्रियापदं वापरतात ती टिपा, आणि मग विधानं बांधा. ‘इथे करमतं’ हे साधं विधान प्रायोगिक चाचणीत ठेवून बघायला हरकत नाही.

मुलाखत शक्यतो खुर्चीत बसून घेऊ नका. मार्गारेटे कुसेनबाख यांनी २००३ मध्ये सोबत चालत घ्यायच्या मुलाखतीची पद्धत सविस्तर मांडली आहे. माणसाला त्याच्या रोजच्या वाटेने जाऊ द्यायचं आणि आपण बरोबर चालायचं. वळणावर, बंद पडलेल्या गिरणीपाशी, तोडलेल्या झाडाच्या बुंध्यापाशी जे आठवतं ते बैठकीत आठवत नाही. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत निघा, रेकॉर्डरच्या माइकला वाऱ्यासाठी फोम लावा, आणि वाट जीपीएसवर नोंदवून ठेवा.

एथिक्स कमिटीचा फॉर्म भरताना ‘या अभ्यासात सहभागींना कोणताही धोका नाही’ हे वाक्य सवयीने टाकू नका. हरवलेल्या जागेबद्दल विचारणं म्हणजे शोकाबद्दल विचारणं. फ्रीडच्या आकड्यांवरून तेवढं तरी कळतंच. तालुक्यात समुपदेशक कोण आहे ते गावात पाय ठेवण्याआधी शोधा. टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक संमतीपत्रकावर मोठ्या अक्षरांत, मराठीत छापा. मुलाखत संपली की लगेच उठू नका, चहा होईपर्यंत थांबा. बरंच काही रेकॉर्डर बंद झाल्यावरच बोललं जातं, आणि ते प्रबंधात वापरायचं असेल तर परवानगी पुन्हा मागावी लागते.